मांड

माझ्या लहानपणी आमच्या वाड्याच्या ओट्यावर माणसाची पारख घोड्यावरून होत असे आणि घोड्याची पारख भोवऱ्यांवरून. आमचे गाव नीरेच्या काठचे. ही नदी पुढे भीमेला मिळते, आणि त्या खोऱ्यातल्या काटक, बुटक्या भीमथडी तट्टांचे गुणगान आजोबांच्या तोंडी अखंड असे. वाड्यातले शेवटचे तट्टू मी पाहिले ते १९५५ च्या सुमारास. ते कुमाईत रंगाचे होते, स्वभावाने हट्टी. आणि माझ्या हनुवटीवरचा व्रण ही त्याचीच देणगी आहे. आजोबा बाजारात घोडे पाहायला निघाले की मला बरोबर नेत. आधी ते घोड्याच्या गळ्याखाली हात घालून देवमण चाचपीत. गळ्यावरचा हा भोवरा शुभ. तो असला की बाकीचे चार दोष पोटात घालायची त्यांची तयारी असे. मग इतर भोवरे, मग दात, मग खूर, आणि सर्वांत शेवटी चाल. चाल हवी ती रवाल : एका बाजूचे पुढचे-मागचे पाय बरोबरीने टाकणारी, पाठ स्थिर ठेवणारी, वर बसलेल्याच्या हातातला भरला तांब्या हिंदकळू न देणारी. स्वाराच्या बाबतीत मात्र इतका काथ्याकूट नसे. त्याच्याविषयी एकच प्रश्न विचारला जाई, मांड कशी आहे? दोन्ही मांड्यांनी घोड्याला धरून बसण्याची ती पकड ज्याची पक्की, तो स्वार. बाकीचे नुसते बसलेले.

पन्नास वर्षांनी, इंग्लंडच्या उत्तर भागातल्या पावसाळी रस्त्यांवरून एका घोड्याच्या शोधात हिंडताना ही सगळी विद्या माझ्याबरोबर होती, आणि तिच्यातले बहुतेक सारे मला उलटे करून वापरावे लागले.

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. १९७६ साली तिकडे गेलो आणि तिथलाच झालो. आमची मुलगी १९८६ मध्ये जन्मली, दिवस भरण्याच्या दहा आठवडे आधी. तेवढ्या दिवसांत तिच्या मेंदूला जी इजा झाली तिचे परिणाम पायांवर उतरले. तिच्या पायांचे स्नायू लुळे नाहीत, उलट ते सदैव आवळलेले असतात. विशेषतः मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू दोन्ही पायांना एकमेकांकडे ओढतात, त्यामुळे गुडघे घासतात, पाऊल कात्रीसारखे आडवे पडते. कुबड्या घेऊन ती घरात चालते. बाहेर चाकांची खुर्ची लागते. ज्या स्नायूंवर मांड बसते, तेच हे स्नायू. माझ्या मुलीची मांड जन्मतःच पक्की आहे. ती तिला सोडता येत नाही, एवढेच.

ती सहा वर्षांची असताना तिला अपंगांच्या अश्वारोहणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या एका स्थानिक गटात घातले. १९६९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे गट त्या देशात गावोगाव आहेत. स्वयंसेवक बायामाणसे घोड्याच्या दोन्ही अंगांना चालतात, एक जण लगाम धरतो, आणि मूल वर बसते. ते पोनी म्हातारे होते, एका डोळ्याने अधू होते. मी मैदानाच्या कडेला छत्री धरून उभा होतो. घोडा साधी पावले टाकत चालतो तेव्हा त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि डाव्या-उजव्या अंगाला अशी काही हलते की ती हालचाल माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी जवळजवळ जुळते. हे मी पुस्तकात वाचले होते. तरी ते दृश्य पाहायला मी तयार नव्हतो. पोनी मला पाठमोरे झाले आणि मला दिसली ती मुलीची पाठ. कमरेपासून वरचे तिचे अंग चालणाऱ्या मुलीचे होते. अर्ध्या तासाने तिला उतरवले तेव्हा तिचे पाय नेहमीपेक्षा सैल पडत होते. हा सैलपणा तासाभरात गेला. पण एक वेळ असे काही पाहिलेला बाप पुढे कुठल्याच बाबतीत पुरता शहाणा राहत नाही.

तिला मात्र उपचार नको होता. बारा-तेरा वर्षांची झाली तेव्हा तिने ते स्पष्टच सांगितले. तिला ड्रेसेज हवे होते.

ड्रेसेज म्हणजे काय, हे आमच्या गावाकडच्या मंडळींना सांगताना माझी नेहमी त्रेधा उडते. त्यात शर्यत नाही, उडी नाही. आखलेल्या आयताकृती मैदानाच्या कडेला अक्षरे लावलेली असतात. त्या खुणांवरून ठरलेल्या क्रमाने वर्तुळे, वळणे, थांबणे, चाल बदलणे. पंच प्रत्येक कृतीला दहापैकी गुण देतात. स्वाराने घोड्याला काय सांगितले ते बघणाऱ्याला दिसता कामा नये, घोड्याने ते ऐकले एवढेच दिसावे, अशी या कलेची धारणा. फार दिवस ही लष्करी अधिकाऱ्यांची मिरास होती. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या संघाला मिळालेले सुवर्णपदक मागाहून काढून घेण्यात आले, कारण त्यांच्यातला एक स्वार खराखुरा सनदी अधिकारी नव्हता. घोड्याच्या कामात उणे काही निघाले नव्हते!

१९५२ साली हेलसिंकीला ही अट सुटली, स्त्रियांनाही प्रवेश मिळाला, आणि लिस हार्टेल नावाची एकतीस वर्षांची डॅनिश बाई रौप्यपदक घेऊन गेली. १९४४ साली, दुसऱ्या खेपेची गरोदर असताना, तिला पोलिओ झाला होता. तिचे पाय गुडघ्यांखाली कायमचे गेले होते. तिला घोड्यावर चढवावे लागे, उतरवावे लागे. हेलसिंकीला सुवर्णपदकाचा मानकरी, स्वीडनचा आंरी सेंट सीर, तिला आधार देऊन पदकाच्या चौथऱ्यापर्यंत घेऊन गेला, ही गोष्ट आजही सांगितली जाते. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्य मिळवले. माझ्या मुलीच्या खोलीत तिचे छायाचित्र होते. आम्ही मोठी माणसे त्या चित्रातल्या बाईकडे पाहत असू. मुलगी घोडीकडे पाही. त्या घोडीचे नाव ज्युबिली. टाचेचा इशारा नसताना, पाठीच्या कण्याचा आणि तोलाचा इशारा समजून घेणारी. "बाबा, लिस हार्टेल काय करायची ते सगळे सांगतात," ती एकदा म्हणाली, "ज्युबिली काय करायची ते कुणी सांगत नाही."

१९९६ साली अटलांटाला अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये ड्रेसेज आले. तिथे आणि २००० साली सिडनीला स्वारांना यजमानांनी पुरवलेल्या परक्या घोड्यांवर बसावे लागले. २००४ साली अथेन्सला ते प्रथमच आपापले घोडे घेऊन उतरले. या एका बदलाने सगळे पारडे फिरले. तोवर कसोटी होती ती अनोळखी जनावराशी चटकन जुळवून घेण्याची; आता जोडी मोलाची झाली. मुलगी तोपर्यंत गटाच्या, मैत्रिणींच्या, उसन्या घोड्यांवर लहानसहान स्पर्धा खेळत होती. तिची श्रेणी तेव्हाच्या मोजणीत एक-ब, २०१७ पासूनच्या मोजणीत दुसरी. म्हणजे साधी चाल आणि दुडकी, भरधाव काही नाही. २००७ मध्ये तिला नोकरी लागली, आणि पहिल्या पगाराच्या आठवड्यात तिने जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला. घोड्यांची यादी होती. शनिवारी निघायचे, गाडी मी चालवायची.

असा घोडा शोधणे ही काय भानगड आहे, ते मला त्या वर्षी समजले. तिला घोडा अरुंद पाठीचा हवा, कारण रुंद पाठीवर तिच्या मांड्या फाकवल्या गेल्या की वेदनेने स्नायू अधिकच आवळतात. उतारावरून चढवेपर्यंत तो निश्चल उभा राहणारा हवा; शेजारी कुबडी आदळली तरी न दचकणारा. त्याची दुडकी फार उसळती नको. प्रत्येक उसळीबरोबर तिचे पाय कळ येऊन आवळतात. पण दुडकीत जीवच नसेल तर पंच गुण कशाला देतील? दुडकी एक वेळ शिकवून सुधारते, साधी चाल मात्र घोडा जन्माला घेऊन येतो, असे जाणकार सांगतात. आणि तिच्या श्रेणीत अर्धे राज्य साध्या चालीचे. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडला पाहिजे, चार टापा चार वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. टापा जोडीने पडू लागल्या, म्हणजे आजोबांची ती लाडकी रवाल सुरू झाली, की ड्रेसेजमध्ये तो मोठा दोष. मी हे प्रथम ऐकले तेव्हा मनातल्या मनात आजोबांची क्षमा मागितली.

आणि या सर्वांवर कडी करणारी अडचण निराळीच होती. शिकवलेल्या घोड्याला दोन्ही पायांचा दाब म्हणजे 'चल पुढे'. माझ्या मुलीचे पाय तर दर दोन मिनिटांनी आपण होऊन दाबतात. घोडा जितका तरबेज, तितका तो त्या दाबाला पटकन मानणार. म्हणजे तिला हवा होता असा घोडा, जो इशारा आणि आकडी यांतला फरक ओळखील. मंद घोडा चालला नसता. मंद घोडा दोन्हीकडे सारखेच दुर्लक्ष करतो.

पहिला पाहिला तो सब्जा, उंच, मान धनुष्यासारखी. मी पाहताक्षणी विकला गेलो. मुलगी वर बसली, चार पावले बरी गेली, तिचे पाय आवळले आणि तो सुटला. मालकिणीने धावत जाऊन धरला म्हणून बरे. दुसऱ्या ठिकाणचा घोडा पहिल्याच्या अगदी उलटा होता. तोफ डागली तरी हलणार नाही, असे विकणारा म्हणत होता आणि ते अक्षरशः खरे होते. घोड्याचा खालचा ओठ लोंबत होता, पापणी मिटायला क्षणभर उशीर करीत होती, डोके खाली येत होते. माझी सारी हयात झोपवलेल्या जीवांच्या उशाशी गेली आहे. मी त्या माणसाला एवढेच विचारले, "सकाळी किती वाजता दिलंत?" तो काही बोलला नाही. आम्ही गाडी वळवली. तिकडे घोडा घेण्यापूर्वी पशुवैद्य तपासणी करतो, पाय दुमडून धरून लगेच दुडकीत पळवतो, रक्ताचा नमुना काढून काही महिने ठेवून देतो; हा शेवटचा रिवाज का पडला असावा, ते मला त्या दिवशी उमगले.

मग एक घोडा मला फार आवडला. ठेंगणा, रुंद, चौदा वर्षांचा, आजोबांच्या मित्रमंडळींत सहज खपला असता असा समंजस. त्याच्या पाठीवर मुलगी घरच्यासारखी बसली. त्याची पावले आखूड होती हे मी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. उतरल्यावर तिच्या कमरेत कळा येत होत्या, तेही. परतताना मी त्याच्याविषयी पाऊण तास बोलत होतो. तिने खिडकीबाहेर पाहत ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही घोडा नाही शोधत. सोफा शोधताय."

मी दुखावलो. ते खरे असल्यामुळे जास्तच.

ती घोडी आम्ही पाहिली ती ऑक्टोबरात. नऊ वर्षांची, कुमाईत, अंगाने शेलाटी. दिसायला अगदीच सामान्य. तिच्या डाव्या डोळ्याखाली भोवरा होता. अशा जनावराला आमच्याकडे आसूढाळ म्हणत, धन्याला रडवणारे. आजोबा तिथून पाठ फिरवून निघाले असते. मुलगी वर बसली. दुसऱ्या फेरीत तिचे पाय आवळले, घोडी झपकन तीन-चार पावले पुढे गेली आणि आपली आपणच थबकली. एक कान मागे वळला. मुलगी काही बोलली नाही, नुसता श्वास सोडला. घोडी चालू लागली. थोड्या वेळाने पुन्हा तेच : दाब आला, पण या वेळी दोनच पावले, पुन्हा कान मागे. तासाच्या शेवटी पाय आवळले तेव्हा घोडीची गती बदलली नाही. फक्त कान वळला आणि तसाच राहिला. ती विचारीत होती. तुला हे म्हणायचे आहे का, की ते आपले असेच?

टेबलावरच्या रुग्णाची नाडी वाढली की तीच शंका मला रोज पडे : हे दुखणे आहे, भीती आहे, की शरीर आपले असेच करते आहे? ज्याला बोलता येत नाही त्याच्याविषयी हा प्रश्न पडणे, हीच माझ्या धंद्याची अर्धी विद्या. घोडीच्या कानात ती मी पाहिली, आणि मुलीकडे पाहून मान हलवणार, इतक्यात कुंपणातून एक फेझंट पक्षी फडफडत उडाला. घोडी एका अंगाला सरकली. मुलगी दुसऱ्या अंगाला वाळूवर पडली.

रिकीब, तिच्या ओढीने सुटावी म्हणूनच ठेवलेल्या रबरी पट्ट्यातून, सुटली. शिरस्त्राण होते. खांद्याला मुका मार, बाकी काही नाही. घोडी तीन पावलांवर लगाम लोंबत ठेवून उभी होती. पण मी त्या चार क्षणांत जे पाहायचे ते पाहून चुकलो होतो. मी म्हणालो, "ही नाही." मुलीने वाळूवरूनच उत्तर दिले, "हीच."

आठवडाभर आमच्या घरात दोघे एकमेकांशी मोजके बोलत होते. मी तिला सांगितले की तिचे हाड मोडले तर ते इतरांच्या हाडासारखे नाही. कष्टाने मिळवलेले चालणे महिनाभराच्या अंथरुणात जाऊ शकते. हे खोटे नव्हते. डॉक्टर म्हणून मी बोललेला एकही शब्द आजही मागे घेणार नाही. शेवटी तिच्या आईने, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता विचारले, "तुमच्या हनुवटीवरचा व्रण कसला आहे हो?" त्या व्रणाची गोष्ट मी मुलीला लहानपणी शंभरदा तरी सांगितली असेल. प्रत्येक वेळी तट्टू थोडे उंच होई, नि पडणे थोडे मर्दानी. आजोबांनी मला उचललेही नव्हते, पुन्हा वर बस म्हणाले होते, हा त्या गोष्टीचा शेवट. आणि तो मी अभिमानाने सांगत आलो होतो.

घोडी आली. तिची किंमत आमच्या दोघांच्या ऐपतीबाहेर होती. आम्ही निम्मी निम्मी दिली. पुढचे पाच महिने शिकवणीत गेले. दोन हातांत दोन लांब छड्या, त्याच तिचे पाय. नियम त्याला परवानगी देतात. छडीचा नुसता स्पर्श म्हणजे इशारा, पायांचा दाब म्हणजे काही नाही, हे घोडीला पुन्हा अ-आ-ईपासून शिकवावे लागले. मुलगीही शिकली, आकडी येणार हे तिला क्षणभर आधी कळते, त्या क्षणात श्वास खाली सोडायचा आणि पाठीने 'थांब, हे ऐकू नकोस' असे सांगायचे. कसे सांगायचे? मी तिला पुष्कळदा विचारले. तिला शब्दांत सांगता आले नाही.

पहिल्या स्पर्धेत मी कुबड्या धरून दोरीबाहेर उभा होतो. मध्यरेषेवर येऊन घोडी थांबली. लगाम सोडून हात खाली नेणे तिला जमत नाही, म्हणून तिने नुसती मान लववून पंचांना अभिवादन केले. मधेच एकदा तिचे पाय आवळलेले मला दुरून दिसले, कारण मला ते कुठेही दिसतात. घोडीचा कान वळला. पावले तशीच पडत राहिली, एक, दोन, तीन, चार. एकूण गुण साठ टक्क्यांच्या खाली गेले. दुडकी बिघडली होती, एक वर्तुळ बटाट्यासारखे झाले होते. पण साध्या चालीला एका पंचाने आठ गुण दिले होते. तो कागद तिच्याकडे नाही. मी पळवला.

पुढची दहा वर्षे ती दोघी खेळल्या. राष्ट्रीय पातळीपर्यंत दोनदा पोहोचल्या, त्यापुढे नाही. ती आणखी तीनदा पडली. २०१७ मध्ये घोडी थकली तेव्हा तिला कुरणात सोडले, आणि २०२२ च्या हिवाळ्यात ती गेली, चोवीस वर्षांची होऊन. आसूढाळ घोडी धन्याला रडवते हे त्या दिवशी खरे झाले. मी हे मुलीला सांगितले तेव्हा ती रडता रडता हसली.

पुढच्या वसंतात तिचा फोन आला. यादी तयार होती. तिच्या आताच्या गाडीत पायांची कामे हातांनी करण्याची सोय आहे. मला न्यायला ती घरी आली आणि चाकामागून तिने दार उघडले. मी शेजारी बसलो, यादी मांडीवर घेतली. दोन तासांवर एक तबेला होता. सात वर्षांचा घोडा बाहेर काढला, मातकट सब्जा, अरुंद पाठीचा. मुलगी मालकाशी त्याच्या दातांविषयी, खुरांविषयी बोलत होती. मी सवयीने पुढे झालो आणि त्याच्या गळ्याखाली हात घातला.

"बाबा, काय बघताय?"

"काही नाही."

देवमण होता. मी काही बोललो नाही. ती अजून वर बसली नव्हती.